गुरुवारच्या नळ्या

ओवीचा अहवाल आला तेव्हा ज्योत्स्नाबाई मगदूम तिच्याच फ्रॉकला खिसे लावत बसल्या होत्या. दोन खिसे, तेही चांगले खोल. ओवीला खिसे लागत. चार वर्षांची सगळी हयात बालगृहात काढलेल्या पोरीला ‘हे माझं’ म्हणून काही ठेवायला दुसरी जागा नव्हती. गेले आठ महिने ती दर रविवारी मिरजेला यायची आणि जाताना खिशात काहीतरी घेऊन जायची. कधी शेंगदाणे, कधी दोऱ्याचं रिकामं रीळ, एकदा तर ज्योत्स्नाबाईंचं चष्मा पुसायचं फडकं. पुढच्या रविवारी ते सगळं परत आणून टेबलावर मांडायची, प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून नाव सांगायची आणि पुन्हा खिशात भरायची.

ऋजुता एसटीच्या आगारातून आली ती दारातच थांबली. चपला काढल्या नाहीत.

“मावशी, नाही म्हणालेत.”

“कोण नाही म्हणालं?”

“कोण म्हणजे काय. यंत्र.”

ऋजुता ही ज्योत्स्नाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. विजेच्या बसगाड्यांची दुरुस्ती सांभाळणारी, छत्तीस वर्षांची, लग्न न केलेली बाई. मूल दत्तक घ्यायचं तिनं तीन वर्षांपूर्वी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. घराची पाहणी झाली, पोलिसांचा दाखला झाला, शेजाऱ्यांच्या मुलाखती झाल्या. राहिला होता तो ओवीचा केंद्रकनकाशा, म्हणजे तिच्या रक्तातल्या पेशींची यंत्रावरची तपासणी. आता कायद्यानं त्याशिवाय कुठलंच मूल कुठल्याच घरात जात नव्हतं.

“वाच,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

ऋजुतानं फोन वर धरला. “परिघबद्धता एकाहत्तर टक्के. ताण-नियामक जनुकसमूह बद्ध. कौटुंबिक स्थापनेस अयोग्य. विशेष संगोपन केंद्रात स्थलांतर, सोमवार.”

“हा सोमवार?”

“हाच. आणि खाली एक ओळ आहे. ‘अर्जदारांनी बालकाशी भावनिक संपर्क टप्प्याटप्प्यानं कमी करावा.’” तिनं फोन टेबलावर पालथा घातला. “आज मंगळवार. टप्पे किती पाडू, सांग.”

ज्योत्स्नाबाईंनी सुई पिनकुशनमध्ये खोचली. हे यंत्र त्यांना परकं नव्हतं. गावाबाहेरच्या ज्या संस्थेत ते तयार झालं तिथं त्यांनी चौतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या बनवल्या होत्या.

*

त्या नोकरीला लागल्या तेव्हा पेशीचं केंद्रक म्हणजे त्यांच्या लेखी निळ्या रंगात बुडवलेला एक ठिपका होता. ठिपक्याच्या आत काय चाललंय हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं ते डॉ. चारुदत्त सोमण यांनी. तेव्हा ते नुकतेच परदेशातून आलेले, सडपातळ, केस विस्कटलेले, आणि तंत्रज्ञ बाईलासुद्धा खुर्ची देऊन समजावून सांगणारे शास्त्रज्ञ होते. त्या काळी असं कुणी करत नसे.

“मगदूम बाई,” ते म्हणाले होते, “एका पेशीत दोन मीटर धागा असतो. तो राहतो कुठं, तर मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढ्या गोळ्यात. कोंबून नाही हं, रचून. तुमच्या घरी साड्यांचं कपाट आहे?”

“आहे की.”

“पाठीमागच्या भिंतीला चिकटलेली साडी कधी नेसता?”

“ती असते हेच विसरायला होतं.”

“तेच. केंद्रकाच्या भिंतीला जो भाग चिकटतो, तिथली जनुकं मुकी होतात. असतात, पण बोलत नाहीत. मधल्या मोकळ्या जागेत येतात ती बोलतात. आणि कधीकधी धाग्याला असं वळण पडतं की लांबचं बटण नेमकं जनुकाच्या शेजारी येऊन बसतं आणि ते चालू होतं. एका माणसाच्या सगळ्या पेशींत जनुकं तीच. यकृताची पेशी यकृतासारखी वागते आणि डोळ्याची डोळ्यासारखी, ती रचनेमुळं.”

ज्योत्स्नाबाईंना ते इतकं पटलं की त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाऊन कपाट रिकामं केलं होतं. भिंतीकडची आईची डाळिंबी इरकल त्यांनी पुढं आणून ठेवली. ती पुढं वीस वर्षं नेसल्या.

मग सोमणांना सुचलं की उपासमार, भीती, माणसाचा स्पर्श न मिळणं हेही त्या रचनेत उमटत असणार. उंदरांत ते दिसलं होतं. लेकरांत दिसलं तर कळेल की कुणाला जास्त माया लागणार आहे. कल्पना चांगली होती. ज्योत्स्नाबाईंना आजही तसंच वाटत होतं, आणि त्यामुळंच राग जास्त येत होता. पंधरा वर्षांपूर्वी चारशे मुलांचं रक्त गोळा झालं. निम्मी मिरजेतल्या शाळांमधली, घरी आईबाप असलेली. निम्मी राधानगरीकडच्या बालगृहांतली. दोन्हींच्या पेशी संगणकाला दाखवल्या आणि फरक शोधायला सांगितलं. संगणकानं तो शोधला. घरच्या मुलांची रचना मोकळी होती, बालगृहातल्या मुलांची भिंतीला चिकटलेली; त्या चिकटण्यालाच परिघबद्धता हे नाव पडलं. त्या शोधावर पुढं सगळं उभं राहिलं. आधी शिफारस, मग नियम, मग कायदा.

“चित्र दिलंय का सोबत?” त्यांनी ऋजुताला विचारलं.

“दिलंय. मला काय कळतंय त्यातलं.”

“मला कळतं. मोठं कर.”

भिंतीवरच्या पडद्यावर ओवीच्या पेशींची केंद्रकं उमटली. ज्योत्स्नाबाई उठून अगदी जवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या जवळ. चौतीस वर्षांत त्यांनी लाखभर केंद्रकं पाहिली असतील. संगणक टक्के मोजतो. त्यांची नजर आधी कड बघायची.

“ही कड बघ,” त्या म्हणाल्या. “मनुक्यासारखी. आत सगळं आक्रसलंय आणि मध्ये पोकळ्या पडल्यात. ही काही चार वर्षांची भीती नाही. ही पेशी उपाशी आहे.”

“ओवी उपाशी होती?”

“ओवी नाही, नळीतली पेशी. रक्त काढलं की पेशी मरत नाही, घुसमटते. तिची ऊर्जा संपत येते आणि धागा आत आवळला जातो. म्हणून रक्त काढल्या काढल्या ती औषधात घालून जिथल्या तिथं गोठवायची असते. आम्ही त्याला फिक्स करणं म्हणायचो. अर्ध्या तासाच्या आत. रक्त कधी काढलं हिचं?”

ऋजुतानं अहवाल वरखाली केला. “सकाळी नऊ दहा. यंत्रात नोंद, दुपारी चार चाळीस.”

“साडेसात तास. वार?”

“गुरुवार.”

ज्योत्स्नाबाई खाली बसल्या. खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसल्या. ऋजुतानं ती वेळेवर सरकवली.

गुरुवार. बालगृहांच्या नळ्या गुरुवारीच येत. पंधरा वर्षांपूर्वीही गुरुवारीच यायच्या. राधानगरीहून गाडी सकाळी निघे, तीन बालगृहं करे, आणि मिरजेच्या वाटेवर नृसिंहवाडीला वळे. सोमण सर स्वतः गाडीबरोबर असायचे, आणि ते दत्ताचे भक्त. गुरुवारी त्या वाटेनं जायचं आणि वाडीला दर्शन घ्यायचं नाही, हे त्यांच्याच्यानं झालं नसतं, आणि ड्रायव्हरच्याही नाही. रांग, दर्शन, प्रसाद, मग घाटावर थोडं बसणं. गाडी सावलीत, बर्फाची पेटी गाडीत. शाळांच्या नळ्या मात्र सायकलवरून दहा मिनिटांत यायच्या.

आणि पेटीत नळ्यांच्या शेजारी बासुंदीचं मडकं असायचं.

ज्योत्स्नाबाईंना ते मडकं लख्ख आठवलं. तोंडाला वडाचं पान, वर दोरा. “सर, नमुन्यांच्या पेटीत खायची वस्तू ठेवू नये,” असं त्या पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या. “दत्ताचा प्रसाद आहे बाई, संसर्ग होत नसतो,” असं म्हणून सर हसले होते. मग त्या हात धुऊन आधी वाटीभर बासुंदी खायच्या आणि नंतर नळ्या उघडायच्या. नोंदवहीत वेळ लिहायच्या, नेमकी लिहायच्या: काढले नऊ वीस, मिळाले चार पाच. पुढच्या रकान्यात ‘थंड, उशिरा’. दर गुरुवारी. ती वही संगणकात कुणी भरली नाही, कारण त्या रकान्याचं नाव मराठीत होतं आणि अक्षर एका तंत्रज्ञ बाईचं होतं.

“मी खाल्ली गं ती,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“बासुंदी. पन्नास गुरुवार. आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.”

*

बुधवारी त्या संस्थेत गेल्या. दारावरच्या माणसानं त्यांना ओळखलं नाही, पण सोमणांनी ओळखलं. आता ते संचालक होते, केस पांढरे आणि नीट बसवलेले. उठून उभे राहिले, चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली.

ज्योत्स्नाबाईंनी सगळं सांगितलं. कड, वेळ, गुरुवार. बासुंदीसुद्धा सांगितली.

सोमणांनी ऐकून घेतलं. मग समजूत घालावी तशा सुरात म्हणाले, “बाई, तुमची काळजी मी समजू शकतो. घरचं माणूस गुंतलंय. पण नकाशा आता चारशे मुलांवर उभा नाही. दीड लाख मुलांवर उभा आहे.”

“ती दीड लाख मुलं गाडीनंच आली ना, सर?”

“म्हणजे?”

“म्हणजे बालगृहातलं रक्त बालगृहात फिक्स करायचं नाही, मध्यवर्ती प्रयोगशाळेतच करायचं, हा नियम तुमचा. मग राज्यभरातलं प्रत्येक अनाथ पोर सहा-सात तास उशिराच पोचणार. आणि आईबापांची मुलं दवाखान्यात दहा मिनिटांत. तुमचं यंत्र माया मोजत नाही, सर. प्रवास मोजतं.”

“आणि पाठपुरावा? ज्या मुलांची रचना बद्ध निघाली, ती पाच वर्षांनी खरोखरच मुकी, एकलकोंडी निघाली. आकडे आहेत.”

“त्यांना ठेवलं कुठं होतं ती पाच वर्षं?”

सोमणांनी चहाचा कप उचलला.

“विशेष संगोपन केंद्रात,” ज्योत्स्नाबाईंनीच उत्तर दिलं. “मी बघून आलेय एकदा. प्रत्येकाला वेगळी खोली, ठरलेल्या वेळी ठरलेला माणूस, आणि जीव लागू नये म्हणून तो माणूस दर तीन महिन्यांनी बदलायचा. तिथं तुम्हाला ठेवलं असतं तर तुम्हीही मुके झाला असता.”

“तुमच्याकडं काही कागद आहे? वह्या तर नव्या इमारतीत येताना रद्दीत गेल्या.”

“कागद नाही. आठवण आहे.”

“आठवणीवर कायदा बदलत नाही, बाई.”

“माहीत आहे. म्हणून दोन नळ्या मागायला आलेय. ओवीच्या नाहीत, तिचं पुन्हा घ्यायला तुमचा नियम आड येतो. तुमच्या. एक जागेवर फिक्स करीन, एक साडेसात तास पेटीत ठेवीन. दोन्ही सारख्या निघाल्या तर मी तोंड बंद करून घरी जाते.”

सोमण त्यांच्याकडं बघत राहिले. क्षणभर तो विस्कटलेल्या केसांचा तरुण माणूस तिथं असल्यासारखं वाटलं.

“उद्या गुरुवार आहे,” ते म्हणाले. “मी वाडीला जातो.”

“उद्या नाही गेलात तर दत्तमहाराज रागावणार नाहीत. मी रागावलेय, तेवढं पुरे.”

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सोमणांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांच्या दंडाला पट्टा आवळला. “मूठ मिटा.” सुई एका झटक्यात गेली. दोन नळ्या भरल्या. पहिली त्यांनी तिथंच, टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून, औषधात घातली आणि घड्याळ बघून वेळ लिहिली. दुसरी बर्फाच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवून बसल्या.

“तुम्ही जाऊन या घरी,” सोमण म्हणाले. “मी हात लावत नाही.”

“बसते की. मला आता कामं नाहीत.”

साडेसात तास म्हणजे किती, हे नुसतं म्हणून कळत नाही. ऊन व्हरांड्याच्या पायरीवरून आत आलं आणि पेटीपर्यंत पोचून परत फिरलं. सोमणांच्या पत्नीनं दोनदा डोकावून बघितलं. दुपारी तिनं साबुदाण्याची खिचडी पाठवली, सरांचा गुरुवार. ज्योत्स्नाबाईंनी ताटली हातात घेतली आणि तशीच बाजूला ठेवली.

“खाल्लं असतंत तर बरं वाटलं असतं,” सोमण म्हणाले.

“तुमच्याकडचं खाऊन मागं एकदा चूक झालीय.”

मग सोमणच बोलले, पेटीकडं बघत.

“सहा वर्षांपूर्वी एका संशोधक मुलीनं मला हे दाखवलं होतं.”

ज्योत्स्नाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय दाखवलं होतं?”

“उशीर आणि बद्धता यांचा संबंध. आलेख काढून आणला होता. स्वच्छ रेघ होती. मी म्हटलं, तपासू. मग तिची मुदत संपली, ती गेली.” त्यांनी चष्मा काढला. “तेव्हा चार हजार मुलं केंद्रांत होती. चार हजार मुलांना काय सांगायचं, बाई? चूक झाली म्हणून? मागं फिरायला वाटच दिसेना.”

“आता किती आहेत?”

“अकरा हजार.”

पेटीच्या आत बर्फ सरकल्याचा आवाज झाला. ज्योत्स्नाबाई उठल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. आपण ज्याला शास्त्रज्ञ समजत होतो, ज्याच्या शब्दावर आईची साडी कपाटात पुढं आणून ठेवली, तो माणूस हा.

“चार हजारांना सांगायची लाज वाटली,” त्या सावकाश म्हणाल्या, “म्हणून आणखी सात हजार घातलेत.”

“तसं नाही.”

“मग कसं? सांगा की. तुम्ही मला एवढं मोठं केंद्रक समजावून सांगितलं होतंत. हेही सांगा. सकाळी उठून दात घासायचे, आंघोळ करायची, दत्ताचं नाव घ्यायचं आणि मग कार्यालयात जाऊन पोरांना भिंतीत चिणायच्या कागदावर सही करायची. यात मोकळं काय आणि बद्ध काय?”

“बाई, आवाज हळू. आत ऐकू जातंय.”

“जाऊ दे. घरातल्यांना कळायला पाहिजे.”

ज्योत्स्नाबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या.

“मग काल हो का म्हणालात? रक्त द्यायला?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “वाटलं, कदाचित माझं तसं निघणार नाही.”

*

चार चाळीसला दोन्ही नळ्या यंत्रात गेल्या. संस्थेतल्या काचेच्या खोलीत बसलेल्या मुलीनं नाव विचारलं. सोमणांनी नुसते आकडे घालायला सांगितले, एक आणि दोन. निकाल यायला पस्तीस मिनिटं लागली. पूर्वी ज्योत्स्नाबाईंना एक काचपट्टी बघायला अख्खा दिवस लागायचा.

कागद बाहेर आले. मुलीनं वाचून दाखवले, कारण तिला माहीत नव्हतं ते कुणाचे आहेत. “एक नंबर, परिघबद्धता तेवीस. मोकळी रचना. दोन नंबर, एकोणसत्तर. ताण-नियामक समूह बद्ध.” ती थांबली. “सर, दोन नंबर विशेष संगोपन केंद्रासाठी पाठवायचा ना? आपोआप शिफारस निघालीय.”

सोमणांनी कागद हातात घेतला. एका माणसाचं रक्त, एकाच हातातून, एकाच मिनिटात काढलेलं. ते कागदाची घडी घालायला लागले.

“घडी नका घालू,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “फायलीला लावायचाय.”

“मला थोडा वेळ द्या. समिती बोलवावी लागेल.”

“समिती बोलवा. ओवीची गाडी सोमवारी आहे, तेवढी आज सही करा. फेरतपासणी, बालगृहातच फिक्स करायची, माझ्या हातानं.”

ती मुलगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. सोमणांनी तिच्याच टेबलावर वाकून सही केली. त्यांची सही पूर्वी मोठी, वळणदार असायची. ही बारीक होती.

*

शनिवारी सकाळी ऋजुता आणि ज्योत्स्नाबाई राधानगरीकडच्या बालगृहात पोचल्या. ओवीनं सुई बघितली आणि दोन्ही हात खिशात घातले.

“हात बाहेर काढ बाळ,” ऋजुता म्हणाली. “मुंगी चावल्यासारखं होईल.”

“मुंगी कुठाय?”

“मावशीआजीच्या डब्यात.”

“मग ती मला दे. मी खिशात ठेवते.”

रक्त काढलं दहा वाजून चार मिनिटांनी. फिक्स झालं दहा वाजून पाच मिनिटांनी. ज्योत्स्नाबाईंनी दोन्ही वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, मराठीत, आणि बालगृहाच्या अधीक्षकांची खाली सही घेतली. संध्याकाळपर्यंत निकाल आला: सव्वीस. मोकळी रचना. सोमवारी गाडी आली ती ओवीला केंद्रात न्यायला नाही, मिरजेला आणायला. दोन खोल खिशांचा पिवळा फ्रॉक तिनं तीन दिवस अंगावरून काढू दिला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर ज्योत्स्नाबाईंना आवडलं असतं.

समिती बसली. तिनं दोन महिन्यांनी दोन पानांचं पत्रक काढलं. त्यात ‘नमुना-हाताळणीतील तांत्रिक सुधारणा’ असे शब्द होते. चूक हा शब्द नव्हता. अकरा हजार मुलांचा उल्लेख एका ओळीत होता: ‘टप्प्याटप्प्यानं फेरतपासणी करण्यात येईल.’ रक्त घेणारी माणसं कमी पडत होती म्हणून निवृत्त तंत्रज्ञांना बोलावणं आलं. ज्योत्स्नाबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि दर गुरुवारी एकेका केंद्रात जाऊ लागल्या. गुरुवार त्यांनी मुद्दाम मागून घेतला.

पहिल्या केंद्रात नवव्या खोलीत कस्तुरी नावाची मुलगी होती. बारा वर्षांची. तीन वर्षांची असताना आणलेली, पहिल्या तुकडीतली. तिची जुनी नोंद ज्योत्स्नाबाईंनी वाचली होती: काढले नऊ तीस, यंत्रात पाच वाजता, बद्धता सत्तर. त्या पुढं वाचायचं थांबल्या होत्या.

“नाव काय तुझं?”

मुलीनं हात पुढं केला. तिला हात पुढं करायची सवय होती.

“नाव सांग की. मला लिहायचंय.”

“कस्तुरी,” ती म्हणाली, आणि आवाज इतका लहान होता की ज्योत्स्नाबाईंना वाकावं लागलं.

“आवडतं काय तुला, कस्तुरी?”

मुलगी विचार करत राहिली. प्रश्न अवघड असल्यासारखा नाही, कुणीतरी दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखा. मग तिनं खिडकीकडं बघितलं. ज्योत्स्नाबाईंनी रक्त काढलं. दहा वाजून बारा मिनिटं. औषधात घातलं. दहा वाजून तेरा. मनाशी त्यांनी आकडाही ठरवून ठेवला होता: पंचवीस, फार तर तीस. कागद हातात आला की ह्या पोरीला दरवाजातून बाहेर काढायचं, कुणी आडवं आलं तर त्याला बघून घ्यायचं.

संध्याकाळी कागद आला. परिघबद्धता अडुसष्ट.

त्यांनी चित्र मागवलं. पडद्याला नाक लावून कडा बघितल्या. मनुक्यासारख्या नव्हत्या. गुळगुळीत, गोल, निरोगी कडा. पेशी उपाशी नव्हती, नळी वाटेत कुठं थांबली नव्हती. आत धागा व्यवस्थित, शांतपणे, नऊ वर्षांच्या सवयीनं भिंतीला जाऊन चिकटला होता.

मग ज्योत्स्नाबाईंनी दोन्ही कागद उचलले, नऊ वर्षांपूर्वीचा आणि आजचा, आणि रिक्षा करून सोमणांच्या बंगल्यावर गेल्या. ते व्हरांड्यातच होते. वाडीला त्यांनी जाणं बंद केलं होतं, असं ज्योत्स्नाबाईंच्या कानावर आलं होतं. त्या बसल्या नाहीत. दोन्ही कागद त्यांनी टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले.

“सत्तर,” सोमणांनी वाचलं. “अडुसष्ट. म्हणजे बाई, हिच्या बाबतीत नकाशा बरोबरच होता.”

“पहिला खोटा होता, सर,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “दुसरा खरा आहे. दुसरा तुम्ही केलात.”

त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि सोमणांसमोर ठेवलं.

“माणूस दर तीन महिन्यांनी बदलायचा नियम आजच्या आज काढून टाका. आणि मला त्या मुलीला घरी न्यायची परवानगी लिहून द्या. भिंतीकडचं पुढं आणता येतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. वीस वर्षं लागली तरी चालतील. मी अडुसष्ट वर्षांची आहे, तेव्हा लवकर लिहा.”